सगळ्यात लहान खिडकी

तोर्सहाव्नच्या बंदराकडे पाठ करून बसलेल्या
आमच्या कचेरीला खिडक्या दोनच,
दोन्हींतून धुकं.
समुद्र आम्ही आकड्यांत बघतो.

सात बेटांवरचे सात मापक,
दर मिनिटाला पाण्याची उंची,
ती ज्या काळ्या पडद्यावर उतरते
त्याचं सत्र मिटत नाही.
उठून जा, यंत्र बंद करा, झोपा,
ते तिकडे सर्व्हरवर चालूच,
दूध तापत ठेवून शेजारी गेलेल्या घरासारखं.

पूर्वी जो तो आपापलं उघडायचा.
हेरीची चौदा, सुन्नेवाची नऊ,
'चाचणी', 'चाचणी२', 'हीशेवटची',
आणि एक नुसतंच 'अअअ', ज्याला कुणी वाली नव्हता.
फेब्रुवारीतल्या एका वादळी रात्री
दोघांनी दोन सत्रांतून एकच मापक शून्यावर आणला
आणि नकाशावर समुद्र मीटरभर खाली बसला.
दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्ट लिहायला घेतली.

एकवीस ओळी. म्हणणं एवढंच:
'भरती' नावाचं सत्र आहे का?
असेल तर त्यात जाऊन बस.
नसेल तर उभं कर, मग बस.
सॉकेट सगळ्यांच्या वाटेवर ठेव,
गटाला लिहायची मुभा दे,
नव्या पोरांना नुसतं बघू दे.

तेव्हापासून एकच पडदा, एकच कर्सर.
हेरी लिहायला लागला की मी हात मागे घेते.
मी चुकले की वाग्वुरहून सुन्नेवा
माझी अक्षरं मागून खोडत येते.
तिचा चेहरा चार महिन्यांत पाहिलेला नाही,
पण खोडताना ती कुठे थांबते ते मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र राहिली.
सत्रात जितके जण, त्यांत
ज्याची खिडकी सगळ्यात लहान
तेवढंच सगळ्यांना दिसतं.
उरलेल्या जागेत ठिपके.

रोज रात्री नऊला पडदा आकसायचा.
ऐंशी रकाने, चोवीस ओळी.
यादीत नाव: तुम्मास.
निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली;
खातं बंद करायचं काम माझंच, राहून गेलेलं.
वेस्तमान्नाच्या घरी त्याच्याकडे ते जुनं यंत्र,
बिजागरीला जाळ्याचा दोर बांधलेलं.
एक अक्षर टंकायचा नाही.
नुसता येऊन बसायचा,
पाणी चढताना बघत.

हेरी वैतागला: सत्तावीस इंचांचा पडदा घेऊन
मी पोस्टकार्डाएवढ्या जागेत काम करू?
बरोबरच होतं त्याचं.
बाविसावी ओळ लिहिली:
तासभर गप्प असेल त्याला अलगद सोडव.
दहाला तुम्मास सुटला. पडदा पसरला.
दहा वाजून एक मिनिटाने पुन्हा आकसला.
अकराला तेच. बाराला तेच.
तिसऱ्या रात्री पहिल्यांदाच त्याने टंकलं,
सगळ्यांसमोर, आज्ञेच्या जागी,
आधी # लावून, यंत्राने मनावर घेऊ नये म्हणून:

# वारा दार लोटतोय वाटतं. दगड लावतो.

तेविसावी ओळ त्याच रात्री घातली.
तुम्मास असेल तर वगळ.
हेरीने ती वाचली, बोलला काही नाही,
आपल्या खिडकीची अक्षरं तेवढी मोठी केली,
इतकी, की ऐंशी रकान्यांतच पडदा भरला
आणि ठिपके मावेनासे झाले.

जूनमध्ये, रात्रीला अंधार नसतो तेव्हा,
नऊ वाजले. साडेनऊ.
सातही मापक चालू, पाणी ओसरत होतं,
आणि माझा पडदा रुंदच राहिला,
अगदी कडेपर्यंत,
आकडे कोपऱ्यात अवघडून बसलेले.
वाग्वुरहून कर्सर हलला:

# आला नाही?

मी # टंकलं.
पुढे काही सुचेना.
कर्सर लुकलुकत राहिला, दोघींचा मिळून एक.

स्क्रिप्ट आता चाळीस ओळींची आहे.
नव्या पेतुरने परवा विचारलं,
ही तेविसावी कशाला, हे नाव तर कुठल्याच यादीत नाही.
राहू दे, म्हटलं. अडत नाही कुणाला.
पलीकडे हेरीची अक्षरं
अजून मोठीच आहेत.